बिनतिखटाचा इष्टू

माझी भाची आमच्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती आणि दिसायला तीनची. भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. बाळंतपणात नणंदेला मुंबईला रक्त चढवावं लागलं होतं, आणि त्या रक्तातून तिला एक नवा रोग आला, असं पुढे ती खूप आजारी पडल्यावर तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या रोगाचं नाव वर्तमानपत्रात नुकतंच यायला लागलं होतं, आणि तेही कुठल्या तरी दूरच्या देशाच्या बातमीत. नणंद गेली. मग पोरीचं रक्त तपासलं, तर अंगावरच्या दुधावाटे तिच्यातही तो गेलेला निघाला. तिच्या वडिलांच्या रक्तात काही नव्हतं. ते मूळचे सावर्ड्याचे. बायको गेल्यावर काही दिवस ते नुसते बसून राहिले, मग त्यांना आखातात नोकरी लागली आणि पोरीला एका पिशवीसकट आमच्या पडवीत ठेवून ते निघून गेले.

आमचं घर रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, खाडीच्या अलीकडच्या एका वाडीत. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा मुंबईला छापखान्यात कामाला होता, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. सासऱ्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, मीही आबाच म्हणायचे.

डॉक्टरांशी बोलणं झालं होतं ते माझ्या नवऱ्याचं. पोरीला सोडायला तिच्या वडिलांबरोबर तोही सुट्टी काढून आला आणि चुलीपाशी बसून मला आणि आबांना सगळं हळू आवाजात सांगितलं. औषध नाही. खायला घाला, चांगलंचुंगलं घाला, वजन वाढलं पाहिजे. दर महिन्याला वजन करा. उतरायला लागलं की समजा काहीतरी बिघडलंय, मग रत्नागिरीला दवाखान्यात न्या. एका ताटात जेवल्याने, खेळल्याने, पाप्या घेतल्याने हा रोग कोणाला होत नाही, हे डॉक्टरांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, कारण त्याने पुन्हा पुन्हा विचारलं होतं. आणि वाडीत कोणाला कळता कामा नये, हे मात्र डॉक्टरांचं नाही, त्याचं स्वतःचं होतं.

वजन करायचं ठरलं, पण माणसाचं वजन करायचा काटा आमच्याकडे कोणाकडेच नव्हता. काटा होता तो वाडीच्या टोकाला काजू विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, फणसाच्या फांदीला टांगलेला. आबांनी पोरीला टोपलीत बसवलं आणि टोपली काट्याला लावली. व्यापाऱ्याने काटा स्थिर होऊ दिला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, साडेदहा.

आबा काट्याजवळ गेले. काटा बाराच्या जवळ होता.

"टोपलीचं बारदान गेलं," व्यापारी म्हणाला. "आणि ओलीचं तोडलं."

"पोरगी सुकी हाय," आबा म्हणाले.

व्यापाऱ्याने समजावून सांगितलं की आजवर या काट्यावर जे जे चढलं त्याची ओल धरूनच त्याने वजन सांगितलंय, आणि सगळं वजन जसंच्या तसं सांगायचं म्हटलं तर त्याची जीभ वळत नाही. आबांनी टोपलीचं बारदान मान्य केलं, ओल मान्य केली नाही. दोघांची बरीच हुज्जत झाली. तेवढा वेळ पोरगी टोपलीत बसून होती आणि अजून एक झोका द्या म्हणत होती. शेवटी असं ठरलं की व्यापाऱ्याने ओल न तोडता वजन सांगायचं, आणि स्वतःच्या समाधानासाठी ती मनातल्या मनात तोडायची. आम्ही निघालो तेव्हा तो मला म्हणाला की त्याच्याकडे परसात एक बरका फणस आहे तो एवढाच भरेल. त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. वजनावरून त्याला फणस आठवला, इतकंच.

आबा आयुष्यभर बोटीवर होते. बोटीवर स्वैपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात, तसे ते भंडारी. आधी खलाशांचा स्वैपाक, मग पुढे अधिकाऱ्यांचा. निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती आणि या दहा वर्षांत ते चुलीकडे फिरकले नव्हते, कारण सासूबाईंनी त्यांना तशी बंदीच केली होती म्हणे. का ते मला पोरगी आल्यावर कळलं. आबांना थोड्या माणसांचा स्वैपाक करताच येत नव्हता. हात धुऊन, पंचा कमरेला बांधून ते चुलीसमोर बसले आणि मला म्हणाले की एका अंड्याचं काय करतात ते त्यांना ठाऊक नाही, तेव्हा कोंबड्यांची सगळी अंडी आण. मग ते देवळात जाऊन समाराधनेचा मोठा टोप घेऊन आले.

पहिल्या दिवशी त्यांनी इष्टू केला. बटाटे, गाजराच्या जागी भोपळा, कोलंबी, नारळाचं दूध, मिरी. हा म्हणे साहेब लोकांचा पदार्थ. टोप वरपर्यंत भरला. पोरीने त्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बाकीची मुलं कुठायत?"

मुंबईला चाळीत ती अख्ख्या गॅलरीच्या पोरांबरोबर जेवलेली. एकटीने जेवायची तिला सवयच नव्हती. मी भरवायला गेले तर तिने ओठ मिटून घेतले. ते पाहून आबा घरापुढच्या खळ्यात गेले आणि टोपाच्या झाकणीवर डाव आपटायला लागले. बोटीवर जेवण तयार झालं की असंच करायचे म्हणे. वाडीतली पोरं काय झालं बघायला धावत आली. त्यांना ओळीने बसवलं, पानं मांडली, आणि मगच पोरगी जेवायला बसली.

पहिला घास घेतला आणि रडायला लागली. तोंडात जिभेवर पांढरा थर आला होता, मिरी झोंबली. त्या दिवसापासून आमच्या घरात तिखट बंद झालं, मिरीसुद्धा. आबा रोज नवीन काहीतरी करायचे, सगळं बिनतिखटाचं: मऊ भात, मुगाचं खिमट, नाचणीची पेज (तिला ते पॉरिज म्हणायचे), काटे काढलेला मासा घालून इष्टू, आणि बकरीचं दूध, अंडी, गूळ आटवून केलेलं कस्टर्ड. वाडीतल्या पोरांनी आठवडाभर कुरकुर केली. त्यांच्या घरी मिरचीशिवाय डाळही होत नसे. मग त्यांना चटक लागली. शाळेतून सुटली की ती थेट आमच्या खळ्यात यायची, आणि वाटेत कोणी विचारलं कुठे चाललात तर सांगायची, इष्टूला.

पोरगी फार जेवायची नाही. उपड्या टोपलीवर बसून ती देखरेख करायची. कोणाच्या पानात काय उरलंय ते बघायची, उरलं असेल तर संपवायला लावायची, आणि स्वतःच्या पानातला अर्धा मासा कोणाला तरी देऊन टाकायची. मुंबईची भाषा बोलायची. पोरं तिचं सगळं ऐकायची, कारण बोलावणारी तीच, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी तिच्या मागे लागायचे, कधी मांडीवर धरून ठेवायचे आणि नाक दाबून कस्टर्ड घालायचे. ती माझ्या दंडाला चावायची. मग आम्ही दोघी थकून बसायचो.

सहा महिन्यांत वाडीतली सगळी पोरं गुबगुबीत झाली. मुलांच्या चड्ड्या घट्ट झाल्या, मुलींची गालफडं भरली. आया खूश होत्या. त्या आमच्याकडे तांदूळ पाठवायच्या, नारळ, अंडी, कोणी खाडीतून तिसऱ्या-शिंपल्या आणून द्यायचं. आबांना कधी बाजार करावाच लागला नाही. आणि आमची पोरगी काजूच्या काट्यावर एक महिना थोडी चढायची, एक महिना थोडी उतरायची. ताप आला की उतरायची, जुलाब झाले की उतरायची. मी तिला रत्नागिरीला न्यायचे, औषध मिळायचं, परत यायचो, परत टोपलीत बसवायचो. पोरांना तो प्रकार आवडला. आमचंही वजन करा म्हणून ती व्यापाऱ्याच्या मागे लागली, आणि तो करायलाही लागला. तो त्यांना काजूसारखा हाताने चाचपून पाहायचा आणि प्रत सांगायचा. एका कोळ्याच्या मुलाला तो मोठा दाणा म्हणायचा. आमच्या पोरीला त्याने कधी काही म्हटलं नाही, नुसतं वजन सांगायचा, आणि सांगताना थोडा थांबायचा. मला वाटतं तो उलट त्यात थोडं घालून सांगायचा. आबांनाही तसंच वाटायचं, पण त्यावर त्यांनी हुज्जत घातली नाही.

मग एक दिवस पोषणाच्या कामाचे एक साहेब जीपने आले. आसपासच्या सगळ्या वाड्यांमध्ये पोरं हडकुळी आणि एकाच वाडीत अशी कशी, हे बघायला त्यांना पाठवलं होतं. बरोबर खराखुरा माणसांचा काटा आणि दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी होती, हिरव्यावर आली तर अंग भरलेलं, लालवर आली तर खंगलेलं. देवळासमोर पोरं रांगेत उभी केली. साहेब एकेकाचा दंड मोजत होते आणि हिरवा, हिरवा म्हणत होते. त्यांचा चेहरा खुलला होता. ही पोरं कुठे जेवतात म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी आबांकडे बोट दाखवलं. साहेबांनी आबांशी हात मिळवला. असं काम सरकारला जमत नाही ते तुम्ही केलंत, असं ते म्हणाले. आबा संकोचून उभे होते.

तेवढ्यात रांगेत शेवटी आमची पोरगी आली. पट्टी लालवर आली. साहेबांनी पुन्हा मोजलं, दुसऱ्या दंडाला मोजलं, काट्यावर उभं केलं, उतरवलं, परत उभं केलं. ही कोणाची म्हणून विचारलं.

मी म्हटलं, आमची.

साहेबांना ते समजेना. जे घर सगळ्या वाडीला जेवू घालतं, त्या घरातली पोरगी उपाशी. त्यांनी आबांना बाजूला घेऊन आहाराबद्दल समजावून सांगितलं. डाळ हवी, पालेभाजी हवी, जमलं तर अंडं, शेंगदाण्याची चिक्की. चाळीस वर्षं माणसांना जेवू घातलेले आबा हात जोडून ऐकत होते आणि हो साहेब, हो साहेब म्हणत होते. खरं सांगता येत नव्हतं. मग साहेब माझ्याकडे वळले. आईविना पोर, मामीच्या ताब्यात, एवढं ऐकल्यावर त्यांना सगळा उलगडा झाला असावा. पोरीला जवळ घेऊन त्यांनी हळूच विचारलं की मामी तुला जेवायला देते का.

पोरीला माझी बाजू घ्यायची होती. ती जोरात म्हणाली, "रोज देते. नाही खाल्लं तर धरून ठेवते आणि नाक दाबते."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. जीप निघून गेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी वाडीत पोरीला छळणारी मामी झाले होते.

रडून काही उपयोग नव्हता, तरी मी रडले. आबा म्हणाले, रडू नको, उद्या बघ काय होतं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बायका आल्या आणि पडवीत ओळीने बसल्या. कामाशिवाय, नुसत्या. त्यांना पोरीला जेवताना बघायचं होतं. पोरीने एक घास घेतला, सगळ्यांनी माना हलवल्या. दुसरा घेतला, एकीने वा म्हटलं. पोरीच्या लक्षात आलं की आज सगळे तिलाच बघायला आलेत. तिने पान चाटून पुसून टाकलं आणि अजून मागितलं. बायका रोज यायला लागल्या, भाजी निवडायला सोबत घेऊन. मी तिला उपाशी ठेवत नाही ना, हे बघायला आलेल्या त्या बायकांमुळे ती आधी कधी जेवली नव्हती तेवढी जेवायला लागली. पुढच्या महिन्यात फणसाखालच्या काट्यावर तिचं वजन असं वाढलं की व्यापाऱ्याने सगळ्या पोरांना भाजलेले काजू वाटले. मामीवर नजर ठेवल्याने पोर सुधारली, असं बायकांचं मत झालं. मी त्यांना चहा करून द्यायचे.

तसंच चाललं असतं. पण वाडीतली एक मुलगी सावर्ड्याला दिलेली होती, ती माहेरपणाला आली. माझ्या नणंदेचं सासर तिच्या शेजारचं. तिने पाणवठ्यावर सांगितलं की आमची नणंद काही साध्या तापाने गेली नाही, तिला तो मुंबईचा नवा रोग होता, आणि तो रोग आता या वाडीत, आमच्या घरात आलाय.

रविवारी सकाळी देवळात बैठक बसली. बायकाही आल्या होत्या, मागे बसल्या होत्या. पोरगी माझ्या मांडीवर होती. वाडीत एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्याकडे वर्तमानपत्र एक दिवस उशिरा यायचं आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे. त्यांनाच या रोगाची माहिती विचारली गेली. मास्तर म्हणाले की याला इलाज नाही. रक्तातून होतो, आणि दुसऱ्याही एका प्रकारे होतो, तो प्रकार आपण देवळात बोलू नये. मग म्हणाले की हा रोग परदेशातून आला आहे, बंदरा-बंदरांतून, बोटीवरच्या लोकांकडून.

हे म्हटल्यावर सगळे आबांकडे बघायला लागले.

वाडीतल्या एका म्हाताऱ्याने, जो आबांचा लहानपणापासूनचा दोस्त होता, सरळ विचारलं की तुझ्या घरात हा रोग आहे का, आणि असला तर कोणाला. मी पोरीचा हात धरला. नवरा मुंबईला, आणि काय बोलायचं ते आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

आबा उठले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"मला हाय," ते म्हणाले.

मग दोस्ताने विचारलं, कधीपासून. आबा म्हणाले, बोटीवर होतो तेव्हापासून. दोस्त म्हणाला, मग इतकी वर्षं कसा काय चांगला राहिलास. आबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी चष्मा काढला आणि सांगितलं की हो, हा रोग पुष्कळ वर्षं अंगात दबून राहतो असं छापून आलेलं आहे. लेकीचं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, तिला रक्ताचा त्रास झाला होता. त्यात खोटं काही नव्हतं.

आबांचं वय तेव्हा सत्तरच्या आसपास. पुढे दोन तास त्यांच्यावर चर्चा झाली. पोरीकडे कोणी बघितलंही नाही. ती माझ्या मांडीवर झोपून गेली. प्रश्न असा होता की पोरांच्या जेवणाचं काय करायचं. बाप्ये म्हणत होते, बंद करा. पण बायकांना ते पटेना. पोरं अंगाने भरली होती, आजारी पडत नव्हती, आणि दुपारच्या जेवणाची काळजी नव्हती. शेवटी असा निर्णय झाला की जेवण चालू ठेवायचं, फक्त आबांनी टोपाला हात लावायचा नाही. सुनेने करायचं. आबांनी सांगायला हरकत नाही, कारण सांगण्यातून रोग होतो असं कुठे छापून आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आबा खळ्यात रतांब्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायला लागले. मी आत चुलीपाशी. मला तेव्हा चार माणसांची आमटीही धड जमत नसे. आबा बाहेरून ओरडून सांगायचे, आता बटाटे, आता आच कमी कर, आता ढवळू नको. वासावरून त्यांना कळायचं. मी उत्तर द्यायचे ते ऐकू जायचं नाही, मग पोरगी मध्ये उंबऱ्यावर उभी राहून इकडचं तिकडे सांगायची, आणि तिच्या मनात येईल ते त्यात घालायची. एकदा तिने आबांचं नाव सांगून माझ्याकडून इष्टूत गूळ घालून घेतला. पोरांनी तोही खाल्ला.

वाडीने आबांना तसं वाईट वागवलं नाही, पण लांबून वागवलं. न्हावी यायचा, खळ्यात वस्तरा ठेवायचा आणि आबांनाच दाढी करायला सांगून समोर बसून गप्पा मारायचा. पोस्टमन पत्रं कुंपणाच्या काठीला अडकवायचा. ज्या बायका पूर्वी त्यांच्याशी मोकळेपणी बोलायच्या त्या आता पदर सारखा करून जायच्या आणि पुढे गेल्यावर हसायच्या. मास्तर मात्र एकदा मुद्दाम आले, माहितीसाठी म्हणून. त्यांना बंदरांबद्दल ऐकायचं होतं. तरुण पोरंही संध्याकाळी कुंपणापाशी जमायला लागली. आबा कोणाला नाही म्हणायचे नाहीत. ते एडनच्या बाजाराबद्दल सांगायचे, कांदे कसे असायचे, बसऱ्याला खजूर कुठे बरा मिळायचा, मोंबासाच्या आंब्याला आपल्या हापूसची सर का नाही. आबा बंदरात उतरायचे ते बाजार करायला, दुसरं काही त्यांना सांगण्यासारखंच नव्हतं. पण पोरं एकमेकांना कोपर मारायची. त्यांना वाटायचं, म्हातारा कांदे म्हणतोय पण बोलतोय वेगळंच. मास्तरांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं की बसऱ्याच्या खजुराचा नेमका अर्थ काय. मी म्हटलं, खजूर.

गणपतीला नवरा आला तो एसटी थांब्यापासूनच ऐकत आला. लोक त्याचे हात हातात घेऊन धीर धरा म्हणत होते. घरी पोहोचला तेव्हा त्याचं तोंड काळं पडलं होतं. आबांच्या समोर उभा राहून तो म्हणाला की आईचं नाव तरी आठवायचं होतं, गावात मान वर करून चालता येत नाही, उद्या देवळात जाऊन मी खरं सांगणार.

आबा खोबरं किसत होते. घरच्यापुरतं त्यांना चालायचं, वाडीसाठी नाही. ते किसायचे थांबले नाहीत.

"सांग," ते म्हणाले. "मला काय खेळायला पोरं लागत नाय. तिला लागतात."

पोरगी मागच्या बाजूला पोरांना ओळीत बसवून दमदाटी करत होती, त्याचा आवाज येत होता. नवरा आत आला आणि मला म्हणाला, पाणी दे. आरतीला तो देवळात गेला, पण कोणाला काही बोलला नाही. परत जाताना आबांच्या पाया पडला, ते लोकांनी लांबून बघितलं आणि पोरगा धीराचा आहे असं म्हणाले.

पोरगी शाळेत गेली. पहिली झाली, दुसरी झाली. वजन कधी बेताने वाढायचं, कधी अडायचं. उंची मात्र वाढेना. तिच्याबरोबर जेवायला बसलेल्या पोरी तिच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागल्या, तरी भांडण झालं की तीच निकाल द्यायची. मुंबईच्या डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं की तुम्ही तिला काय खायला घालता, कारण ती एवढे दिवस काढेल असं त्यांना वाटलं नव्हतं. नवऱ्याने सांगितलं, इष्टू. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना ते औषधाचं नाव वाटलं की काय कोण जाणे.

तिसरीत असताना वाडीत गोवर आला. पोरांना दोन-चार दिवस ताप आला, अंगावर उठलं, उतरलं, पोरं परत खेळायला लागली. तिचा उतरला नाही, छातीत गेला. रत्नागिरीच्या दवाखान्यात मी तिच्यापाशी होते, आबा व्हरांड्यात बाकावर. तिला काही गिळवत नव्हतं. दुपारी तिने विचारलं की पोरं जेवली का. मी म्हटलं, जेवली. कोणी वाढलं म्हणून विचारलं, मी म्हटलं, शेजारच्या काकीने. ते तिला फारसं पटलं नाही. त्या संध्याकाळी ती गेली. आबांना सांगायला बाहेर गेले तर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. मग आम्ही दोघं बराच वेळ त्या बाकावर बसलो. आजूबाजूने माणसं जात-येत होती.

भेटायला सगळी वाडी आली. पोरगी मुळातच नाजूक होती, असं सगळे म्हणाले. आता हे दुःख म्हाताऱ्याला सोसायचं नाही, त्या रोगात तर नाहीच, असंही म्हणाले, आणि मनातून सगळे आबांच्या मरणाची तयारी करायला लागले. आबा मेले नाहीत. पावसाळा संपला, भात कापून झाला, आबा रोज सकाळी खाडीपर्यंत चालून यायचे. ऐंशी ओलांडली तरी त्यांचे दात होते. पुढे बऱ्याच वर्षांनी या रोगाची माहिती देणारी तरुण मंडळी वाडीत आली, चित्रं घेऊन. त्यांनी सांगितलं की माणूस खंगत जातो, वजन उतरतं. लोक हसले. त्यांनी त्या मंडळींना आमच्या घरी आणलं. आबा खळ्यात नारळ सोलत होते. मंडळींनी विचारलं, तुमचं रक्त तपासायला घेऊ का. आबा म्हणाले, मला सुईची भीती वाटते. त्या मंडळींच्या चित्रांवर आमच्या वाडीत पुढे कोणी विश्वास ठेवला नाही.

आबा गेले तेव्हा खांदा द्यायला वाडीतली तीच पोरं होती, आता बाप्ये झालेली. दिवस झाल्यावर एकदा दुपारी पूर्वी पडवीत भाजी निवडायला येणारी शेजारची काकी माझ्याकडे आली होती. आता लपवून काय करायचं असं मला वाटलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. रोग आबांना नव्हता. पोरीला होता.

काकीने नीट ऐकून घेतलं. मग डोकं हलवलं.

"काय पण बोलतेस गो," ती म्हणाली. "ती तर रोज माझ्या पोरांच्या पानात जेवायची. तिला असता तर आम्हाला कळलं नसतं?"

मी पुन्हा सांगून बघितलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, सासऱ्याची आब्रू राखायला तू असं बोलतेस ते मला कळतं, पण मेलेल्या पोरीवर आळ घेऊ नये. मग ती उठली, वाळत घातलेल्या आमसुलांवर एक फडकं टाकून गेली.